न उघडलेले इंजिन आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटार मेकॅनिक, वय एकाहत्तर, राहणार माझ्याच वर्कशॉपच्या मागच्या तीन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हातात पेन दिलेले नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही प्यालेलो नाही. यापूर्वी एकही मृत्युपत्र केलेले नसल्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, "अजून बरेच चालाल." किती किलोमीटर ते सांगितले नाही, एवढीच तक्रार. तरीही आत्ताच लिहितो, कारण बेल्ट तुटायच्या आधी बदलायचा असतो हे गिऱ्हाइकांना ऐकवण्यात माझा जन्म गेला. आता स्वतःच्या बाबतीत टाळाटाळ केली तर शोभणार नाही.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. माझा पहिला मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात इतक्या गप्पा नसतात हो." मी म्हटले, "बाई, कोरड्या इंजिनाला चावी मारायची नसते. थोडे ऑइल लागतेच." मग त्यांनी एवढेच बजावले की कोणाला काय द्यायचे ते स्पष्ट लिहा. तर स्पष्ट लिहितो: घर, पैसे आणि वर्कशॉप यांचा निकाल लावायला मला पाच मिनिटे लागली. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या हिरव्या, दोन सीटच्या गाडीचा निकाल काही केल्या लागेना. हा सगळा कागद तिच्यापायी आहे.

कलम एक. राहते घर, आतल्या सामानसुमानासह, माझ्या पत्नीचे. तसे ते आजही तिचेच आहे. मी इथे जेवायला आणि झोपायला येतो, असे ती चारचौघांत सांगते. न्हाणीघराचा नळ ठिबकतो. तो मी जाण्यापूर्वी दुरुस्त करीन असा शब्द मी तिला दिला आहे. त्या मानाने पाहता मला अजून पुष्कळ आयुष्य आहे.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि खात्यातली शिल्लक पत्नीची. तिच्यामागे उरेल ते मुलगी आणि मुलगा यांनी निम्मे निम्मे घ्यावे, आणि निम्मे कशाला म्हणतात यावर बहीणभावांनी वकील लावू नये.

कलम तीन. वर्कशॉप, दोन्ही लिफ्ट, कॉम्प्रेसर आणि सर्व हत्यारे मुलीची. गेली कित्येक वर्षे तीच सगळे चालवते. मी खुर्चीत बसून आवाज ऐकतो. ती गाडीला स्कॅनर लावते, पडद्यावर आकडा येतो, ती भाग बदलते. काम झकास आहे तिचे. माझा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हरही तिलाच द्यावा. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभे राहायचे. स्कॅनर कोणता भाग गेला ते सांगतो. स्क्रू ड्रायव्हर कोणता जायच्या बेतात आहे ते सांगतो. दोन्ही ठेवावेत.

कलम चार. रस्त्याकडची मोकळी जागा मुलाची. तो तिथे जुन्या गाड्या ओळीने उभ्या करून विकतो आणि बरे कमावतो. अट एकच: गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नये. थंड इंजिन चालू होताना सुरुवातीला जी खडखड करते, तेवढ्यातच ते खरे बोलते. गरम झाले की तेही विक्रेत्यासारखे गोड बोलू लागते. मी येता-जाता त्याच्या गाड्यांच्या बॉनेटवर हात ठेवून बघतो, हे त्याला ठाऊक आहे. माझ्यामागेही कोणीतरी हात ठेवते आहे असे समजून वागावे.

कलम पाच. कोपऱ्यावरच्या पार्टवाल्यास, ज्याला सगळा बाजार "ओरिजिनल" म्हणतो कारण दुकानातली प्रत्येक वस्तू तो हाच शब्द लावून विकतो, माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले फाटके हेड गॅस्केट द्यावे. त्यानेच विकले होते. ते एक हिवाळाही टिकले नाही. ज्या खोक्यातून आले ते खोके मात्र आजही धडधाकट आहे. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "मामा, खोकं तर ओरिजिनल होतं की नाही?" एवढ्या हजरजबाबीपणाबद्दल खोकेही त्यालाच.

कलम सहा. आता गाडी.

ही मी विकत घेतलेली नाही. तिच्या मालकाने दुरुस्तीचा अंदाज काढायला आणली, आम्ही काढून दिला, त्याने तो दोनदा वाचला, खुर्चीत बसला, पाणी मागितले, आणि गाडी कायमची आमच्याकडे सोडून बसने घरी गेला. पुढे कागदपत्रे माझ्या नावावर करून दिली, तीही हसतमुखाने. "आम्ही" म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. एक जॅक आणि मागून आणलेले पाने, एवढ्यावर आम्ही वर्कशॉप उभे केले. आमची कामाची रीत अशी: मी कानाने, तो हाताने. मी डोळे मिटून ऐकायचो, तो इंजिनावर तळवा टेकायचा. मी म्हणायचो, "डावीकडे," तो म्हणायचा, "खालून दुसरा," आणि दोघांचे जुळले की मगच पाना लावायचा. नाही जुळले तर इंजिन बंद, चहा, आणि पुन्हा पहिल्यापासून. या रीतीने आम्ही ती गाडी रिकाम्या वेळात, रविवारी-बिविवारी, नट-बोल्टापासून उभी केली.

वारसांच्या माहितीसाठी लिहितो. अशा जुन्या, जोरात पळणाऱ्या गाडीचे सगळे भाग एका वयाचे नसतात. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन यांना वेळेवर ऑइल मिळाले तर दोन लाख किलोमीटरपर्यंत ते कुरकुर करत नाहीत. क्लचचे आयुष्य चालवणाऱ्याच्या डाव्या पायात असते. माझ्या हाती लाखभर टिकला, भावाच्या हाती त्याहून कमी, आणि मुलाच्या हाती दिली असती तर पहिल्या चढावर धूर. रबराचे जे जे आहे, पाइप, सील, बेल्ट, ते किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारे होते. म्हणून टायमिंग बेल्ट चार-पाच वर्षांनी बदलायचाच, मग गाडी पळालेली असो की लोळलेली. हा बेल्ट तुटला किंवा घसरला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि त्यानंतरचा खर्च वाचताना माणूस पाणी मागतो.

आमच्या घरी हे खर्च पत्नीने संसाराच्या वस्तूंत मोजले. क्लच म्हणजे फ्रीज. रेडिएटर म्हणजे शिलाई मशीन. हेडचे काम म्हणजे स्वयंपाकघराच्या फरशा. गाडीला ती "पाहुणी" म्हणते, कारण आली ती राहिली, खाते-पिते आणि कामाला हात लावत नाही. "पाहुणीबाई माझा फ्रीज अंगावर घालून बसल्यात," असे तिने शेडकडे बघून कितीदा म्हटले असेल. मी तिला समजावत आलो की भाग महाग नसतो, त्याच्यापर्यंत पोचणे महाग असते. इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप चपलांच्या जोडाएवढा स्वस्त. पण तो टायमिंग बेल्टच्या मागे दडून बसतो आणि तिथे हात पोचायला अर्धे इंजिन सोडवावे लागते. म्हणून एकदा तिथवर गेले की पंप चांगला दिसला तरी नवाच घालायचा. मजुरी एकदाच.

भांडण नेमके इथे झाले.

नऊ वर्षांपूर्वी बेल्ट बदलायला इंजिन सोडवले. भावाने पंप हातात घेऊन फिरवला. म्हणाला, "लोण्यासारखा फिरतोय. राहू दे."

मी म्हटले, "बदल."

"दादा, माझ्या हाताला कळतं."

पंप जुनाच राहिला. बेल्ट मी चढवला, ताण मी दिला. इंजिन चालू केले आणि मला बारीक शीळ ऐकू आली. मी म्हटले, "पंप ओरडतोय." त्याने तळवा टेकवला आणि म्हणाला, "काही नाही. तुझे कान वाजतायत." दोघांचे जुळले नव्हते, इंजिन बंद करून चहा घ्यायला हवा होता. पण ऊन छान पडले होते आणि गाडीचे छप्पर उघडे होते. आम्ही तिला घेऊन मोठ्या चढावर गेलो. मध्यावर खाडकन आवाज झाला. तो मात्र दोघांनाही ऐकू आला.

एका ट्रकवाल्याने दोरी बांधून आम्हाला ओढत आणले. दोन सीटच्या गाडीत भांडायला जागा कमी असते, तरी आम्ही ती पुरवली. मी म्हणालो, "तुझा पंप अडकला, म्हणून बेल्ट घसरला." तो म्हणाला, "तू बेल्ट तारेसारखा ताणलास, म्हणून ती शीळ होती." दोन्ही होऊ शकते. पुढचे कव्हर काढून बेल्टचे दात पाहिले, पंप फिरवून पाहिला, की कोण चुकले ते तिथल्या तिथे उघड होईल. म्हणूनच ते कव्हर आजपर्यंत कोणी काढलेले नाही. पन्नास वर्षे दुसऱ्यांची इंजिने उघडणारे दोन मेकॅनिक स्वतःचे एक उघडू शकत नाहीत, हे बाहेर कोणाला सांगू नये.

त्याने पेट्रोल पंपापलीकडे स्वतःचे गॅरेज काढले. छान चालते. आमचे दातांचे डॉक्टर इंजिन मला दाखवतात आणि ब्रेक त्याला, आणि जाता-येता निरोप पोचवतात. "तुमचे बंधू विचारत होते, कान कसे आहेत?" "त्यांना सांगा, शीळ स्वच्छ ऐकू येते." पत्नीचे दिराशी कधीच बिनसले नाही. ती दर आठवड्याला तिकडे जाते, आणि आल्यावर मला काही सांगत नाही. भांडी तेवढी नेहमीपेक्षा जोरात ठेवते.

मागच्या आठवड्यात दुपारी मी जरा आडवा झालो होतो. मी डोळे मिटले की माझे कानही बंद होतात, असा या घरात समज आहे. पलीकडच्या खोलीत मुलगा म्हणाला, "ताई, सुट्टी सुट्टी विकली तर दुप्पट येतात. सीट, आरसे, चाकं. लोक शोधत फिरतात."

"आणि इंजिन?"

"ते भंगारात. बंदच आहे ना?"

"लाज वाटते का? मी तिच्यात नवीन इंजिन बसवणार आहे. स्कॅनर लागेल असं."

"म्हणजे जुनं भंगारातच की!"

"हो, पण मी ते आदराने देईन."

मुलगा हसला. "बाबांना विचारलंस?"

"बाबांना विचारलं की रबराच्या आयुष्यावर तासभर बोलतात. उघडत मात्र नाहीत."

मग पत्नीचा आवाज आला. "ते कसले उघडतायत! उघडलं की दोघांतल्या एकाला दुसऱ्याच्या दारात जावं लागेल. नव्या इंजिनापेक्षा ते महाग पडतं यांना."

मी कूस बदलली. खर्चाचा अंदाज तिने अगदी बरोबर काढला होता.

कलम सात. सदर हिरवी गाडी, न उघडलेल्या इंजिनासह, माझ्या धाकट्या भावास द्यावी. ती सुट्टी विकू नये, तिचे इंजिन बदलू नये. माझ्या पश्चात त्याने पुढचे कव्हर काढावे. पंप अडकलेला निघाला, तर त्याला माझ्याकडे यावे लागणार नाही. बेल्ट ताणलेला निघाला, तर मला त्याचे ऐकून घ्यावे लागणार नाही. व्यवस्था उभयतांच्या सोयीची आहे. व्हॉल्व्ह, बेल्ट आणि पंप यांचा खर्च माझ्या शिलकेतून व्हावा.

(वरील कलम सात आज आडवी रेघ मारून खोडले आहे. रेघेशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. वकीलबाई म्हणाल्या, खोडण्याचे कारण लिहावे लागत नाही. मी म्हटले, मला लागते.)

कारण असे. साक्षीदार दोन हवेत. एक, दातांचे डॉक्टर, तयारच होते. दुसरा कोण, असे विचारल्यावर पत्नी म्हणाली, "मी बोलावलाय," आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने दारात एक गाडी येऊन थांबली. टॅपेट बिनचूक लावलेले, नुसते उभे असताना चालणारे इंजिन एका लयीत. असे इंजिन लावणारा माझ्याखेरीज या भागात एकच माणूस आहे. मी पेन खाली ठेवले.

भाऊ आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही मजकूर वाचायची गरज नाही. यांनी तुमच्यासमोर सही केली, एवढंच बघायचं."

"न वाचता मी जॉब कार्डावरही सही करत नाही," म्हणत त्याने कागद घेतला. कानामागचे ऐकायचे यंत्र सारखे केले, चष्मा लावला. पार्टवाल्याच्या कलमावर त्याच्या मिशा हलल्या. सातव्या कलमावर तो थांबला, मागे गेला, परत पुढे आला.

"हे काय आहे?" त्याने डॉक्टरांना विचारले.

डॉक्टर म्हणाले, "आज मला मध्ये घेऊ नका. आज मी नुसता साक्षीदार आहे."

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "म्हणजे तू गेल्यावर मी एकट्याने उघडायचं?"

"हो."

"आणि बेल्ट ताणलेला निघाला तर मी सांगू कोणाला? तुझ्या फोटोला?"

"आणि पंप अडकलेला निघाला तर?"

"तर तू फोटोत हसत बसशील आणि मला उलट बोलता येणार नाही. दोन्हीकडून माझंच नुकसान! मसुदा तूच लिहिलास ना? वाटलंच."

वकीलबाईंनी हात वर केला. "एक मिनिट. इथे एक अडचण आहे, माझ्या आधी लक्षात आली नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत, तर गाडीवर पाणी सोडावं लागेल. गाडी हवी असेल तर आपण साक्षीदार दुसरा बघू."

"पेन द्या," भाऊ म्हणाला.

"काका, जरा विचार करा. यांचा मुलगा म्हणत होता, नुसत्या सुट्ट्या भागांची किंमत..."

"विचार करतच होतो इतकी वर्षं. बाई, गाडी कोणालाही द्या. ते कव्हर मात्र हा जिवंत असताना निघालं पाहिजे, आणि हा माझ्या समोर उभा असला पाहिजे. बाकी मला काही नको."

पत्नी दारातून म्हणाली, "मग आजच काढा की, भाऊजी."

"आज अंगात चांगला शर्ट आहे, वहिनी. सही करायची म्हणून घातला. सोमवारी येतो." मग मला: "कान घेऊन ये."

"तू हात घेऊन ये," मी म्हटले.

वकीलबाईंचे समाधान होईना. त्या म्हणाल्या, "आणि देव न करो, पण सोमवारच्या आधी यांचं काही बरं-वाईट झालं तर?"

भाऊ म्हणाला, "काही होत नाही त्याला. स्वतः चुकलाय हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी त्याला कुठे जाऊ देतो!"

सबब, कलम सात, सुधारलेले. सदर हिरवी गाडी, आम्ही दोघे भाऊ तिचे इंजिन ज्या अवस्थेत ठेवून जाऊ त्या अवस्थेत, माझ्या मुलीस द्यावी. नवीन इंजिन बसवू नये असे मी लिहीत नाही. आधी छप्पर उघडून जुन्या इंजिनावरच ती चढावर एकदा चालवून बघावी, मग ठरवावे. शेजारच्या सीटवर तिच्या भावाला बसवावे. तो बसल्यावर सुट्ट्या भागांची किंमत सांगू लागला, तर त्याला चढावर उतरवून पुढे जायची तिला मुभा आहे.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांच्या गाडीचे ऑइल या वर्षी अजून बदललेले नाही, ते त्यांनी मंगळवारी येऊन बदलून घ्यावे; सोमवारी वर्कशॉप इतर कामांसाठी बंद राहील.

वर लिहिले ते सर्व माझे आहे, समजून-उमजून लिहिले आहे, दोघा साक्षीदारांच्या देखत वाचले आहे आणि त्यांच्या देखत खाली सही केली आहे.

स्थळ: वर्कशॉपमागचे घर, पुढची खोली.
दिनांक: अकरा ऑक्टोबर, शनिवार.
सही: लिहून ठेवणारा मेकॅनिक.

साक्षीदार पहिला: दातांचा डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीवर होते. दोघेही एकाच वेळी बोलत असल्यामुळे सहीला उशीर झाला. सही.

साक्षीदार दुसरा: सही करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली. या कागदातून मला काहीही मिळणार नाही, हे मला समजावून सांगितले आहे आणि ते मला आनंदाने मान्य आहे. सही.